‘खरंच असं दिसतं का?’: आकाशाचे फोटो आणि आपला डोळा

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून आल्यावर मावशीला तिथल्या अरोराचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचे, फोटो दाखवत होते. डोंगरमाथ्यावरून हिरवा पडदा लोंबतोय, त्याला खालून गुलाबी काठ, असा एक फोटो आला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, “खरंच असं दिसतं का गं?”

मी म्हणाले, “हो. म्हणजे, अगदी असंच नाही.”

तिचा चेहरा उतरला. “मग रंग मागाहून भरलेत का?”

रंग भरलेले नव्हते. पण तेव्हा तिला दोन वाक्यांत समजावता आलं नाही, ते इथं सावकाश सांगते. आकाशाचा फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो आणि त्याचं उत्तर प्रत्येक दृश्यापुरतं वेगळं असतं. काही गोष्टी डोळ्यापेक्षा कॅमेऱ्याला जास्त दिसतात, काही कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याला. कोणाचं पारडं कुठं जड आहे हे कळलं की कॅमेऱ्याचं कुठलं बटण कशासाठी आहे, हेही आपोआप उमगायला लागतं.

दोघांची खिडकी सारखीच

ट्रॉम्सो हे गाव जवळपास ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चअखेरची रात्र, चंद्र नाही, गावाचे दिवे डोंगराआड. पहिला अर्धा तास मला आकाशात फक्त एक राखाडी पट्टा दिसत होता. मी तो ढगच समजले आणि मनातून खट्टू झाले. शेजारी ट्रायपॉडवर लावलेल्या कॅमेऱ्यानं आठ सेकंदांचा फोटो घेतला, आणि पडद्यावर तोच पट्टा चक्क पोपटी!

असं का झालं, हे समजण्यासाठी एक छोटा हिशेब करू. काळोखात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. आता २० मिलिमीटरचं भिंग घ्या आणि त्याचं छिद्र एफ/२.८ वर ठेवा. एफपुढचा हा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानं भागून आलेली संख्या. म्हणून २० भागिले २.८, म्हणजे छिद्र साधारण ७ मिलिमीटरचं. डोळ्याची खिडकी आणि कॅमेऱ्याची खिडकी अगदी सारखी. (वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळं मावशी तिथं असती तर तिला माझ्यापेक्षाही फिकं दिसलं असतं.)

फरक वेळेचा आहे. नळाला करंगळीएवढी धार आहे असं समजा. डोळा त्या धारेखाली वाटी धरतो आणि दर सेकंदाला पाच-दहा वेळा ती रिकामी करतो, कारण त्याला हालचाल टिपायची असते, समोरून येणारी गाडी वेळेवर दिसायला हवी असते. कॅमेरा त्याच धारेखाली आठ सेकंद हंडा ठेवून स्वस्थ बसतो. पाणी तेच, धार तीच, पण हंड्यात चाळीस-ऐंशी वाट्या जमतात.

दुसरं कारण डोळ्याच्या पडद्यात आहे. शाळेत शिकलेल्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशी आठवा. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात त्या जवळजवळ झोपलेल्या असतात आणि सगळं काम दंडाकार पेशींवर येतं. त्यांना उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाहीत, आणि लाल प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. म्हणून मला राखाडी पट्टा दिसला. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या कायम बसवलेल्या असतात. उजेड कितीही कमी असला तरी त्या आपलं काम सोडत नाहीत. एवढंच की पुरेसा प्रकाश जमा व्हायला वेळ द्यावा लागतो.

त्या रात्री अकराच्या सुमारास पट्टा अचानक उजळला आणि वाऱ्यावर वाळत घातलेल्या पातळासारखा हलू लागला. तेव्हा डोळ्यांनाही हिरवा रंग दिसला, क्षणभर गुलाबी काठही दिसला. उजेड वाढताच शंक्वाकार पेशी जाग्या झाल्या होत्या. मावशीला दाखवलेला फोटो त्याच मिनिटाचा होता. म्हणून माझं “हो” खरं होतं आणि “अगदी असंच नाही” हेही खरं होतं. शिवाय त्या वेळी जे हलणं होतं, ते कुठल्याच फोटोत आलं नाही.

रंगांचे मजले

अरोरा नीट टिपायचा तर त्याचे रंग कुठून येतात हे माहीत असलेलं बरं. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. त्याच्या जोरानं पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ताणलं जातं, तिथले इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि चुंबकीय रेषांना धरून ध्रुवांजवळच्या प्रदेशात खाली उतरतात. वाटेत ते हवेच्या अणूंना धडकतात. धडकेत मिळालेली ऊर्जा अणू काही काळ धरून ठेवतो आणि मग प्रकाशाच्या रूपात सोडतो.

‘काही काळ’ हे इथं महत्त्वाचं. ऑक्सिजनच्या अणूला हिरवा प्रकाश सोडायला सरासरी पाऊण सेकंद पुरतो. लाल प्रकाश सोडायला मात्र त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या रेणूचा धक्का लागला तर ती ऊर्जा निघून जाते आणि लाल प्रकाश निघतच नाही. खाली हवेत गर्दी जास्त, म्हणून तिथं लाल रंगाला उसंत मिळत नाही. साधारण २०० किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की दोन मिनिटं कुणी धक्का देत नाही. म्हणून लाल रंग वरच्या मजल्यावर, हिरवा १०० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि वादळ जोरात असेल तेव्हा तळाशी नायट्रोजनचा गुलाबी-जांभळा काठ.

या उंच्या कळल्या त्यात फोटोंचा मोठा वाटा आहे. कार्ल स्टर्मर हे नॉर्वेचे गणितज्ञ. १९१० मध्ये उत्तर नॉर्वेतल्या बोसेकोप इथं त्यांनी एकमेकांपासून काही किलोमीटरवर दोन कॅमेरे लावले. दोन्ही ठिकाणं टेलिफोननं जोडलेली होती. इशारा देताच दोन्हीकडं एकाच क्षणी एकाच अरोराचा फोटो निघे. हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून पाहा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा वाटतो. तसाच दोन फोटोंमध्ये अरोरा मागच्या ताऱ्यांच्या संदर्भात सरकलेला दिसे आणि त्या सरकण्यावरून उंची काढता येई. स्टर्मर यांनी आयुष्यभरात असे हजारो फोटो जमवले. ज्या थंडीत आज आपल्याला बॅटरीची चिंता लागते, त्याच थंडीत त्यांनी काचेच्या पट्ट्या बदलत हे काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फोटोंनी विज्ञानाला पुढं नेण्याचं अगदी अलीकडचं उदाहरण कॅनडातलं आहे. अल्बर्टा प्रांतातल्या हौशी मंडळींना नेहमीच्या अरोरापासून दक्षिणेला एक बारीक, फिकट जांभळी फीत वारंवार मिळत होती. त्यांनी तिला ‘स्टीव्ह’ असं घरगुती नाव ठेवलं. शास्त्रज्ञांनी ते फोटो पाहिले आणि युरोपच्या ‘स्वॉर्म’ उपग्रहाची त्या फितीतून गेल्याची नोंद शोधली. तिथं, ३०० किलोमीटर उंचीवर, तापमान आजूबाजूपेक्षा ३,००० अंशांनी चढलेलं होतं आणि साधारण २५ किलोमीटर रुंदीचा वायूचा झोत सेकंदाला ६ किलोमीटर वेगानं पश्चिमेकडं धावत होता. २०१८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. ज्यांच्या फोटोंवरून हे सुरू झालं, त्यांच्यात पेशानं शास्त्रज्ञ नसलेली माणसं होती.

प्रत्यक्ष उभं राहिल्यावर

भिंगावर संरक्षणासाठी लावलेली सपाट काच आधी काढून ठेवा. दिवसा ती निरुपद्रवी असते, पण अरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा असतो. काचेच्या सपाट पृष्ठांमध्ये तो उलटसुलट आपटतो आणि फोटोच्या मध्यावर पाण्यातल्या तरंगांसारखी वर्तुळं उमटतात. माझे पहिल्या रात्रीचे कितीतरी फोटो याच वर्तुळांनी वाया गेले आणि ते मला खोलीवर परतल्यावर कळलं.

फोकस आपोआप होऊ देऊ नका. अंधारात कॅमेरा चाचपडतो. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून पाहा, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत भिंगाची कडी फिरवा आणि मग तिला हात लावू नका. छिद्र जितकं मोठं उघडेल तितकं उघडा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १,६०० पासून सुरू करा. अरोरा मंद आणि स्थिर असेल तर ८ ते १५ सेकंद द्या. तो नाचायला लागला की वेळ १-२ सेकंदांवर आणा, नाहीतर पडद्याच्या सुंदर चुण्या मिसळून नुसता हिरवा लगदा होतो. या एका चुकीमुळं सगळ्यात चांगली मिनिटं हातची जातात, म्हणून आकाश उजळताच बोट आधी वेळ बदलणाऱ्या चक्राकडं गेलं पाहिजे. रंगसंतुलन आपोआपवर न ठेवता ४,००० केल्व्हिनच्या आसपास ठेवा आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर फोटो ‘रॉ’ प्रकारात, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या कच्च्या रूपात, साठवा.

थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते. जादाची बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवायची. गरम खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करायचा, म्हणजे दव पिशवीवर जमतं, भिंगावर नाही.

फोनवरही अरोरा येतो. आजच्या फोनची रात्रीची सोय अनेक छोटे फोटो घेऊन एकमेकांवर बसवते, म्हणून फोन कशाला तरी टेकवून ठेवा. पण काही फोन स्वतःहून रंग भडक करतात, आणि वर आपणही रंग वाढवणारी पट्टी उजवीकडं सरकवतो. हे करू नका असं मी कळकळीनं सांगेन. कॅमेऱ्यानं जास्त वेळ प्रकाश गोळा केला, तर तो तिथं असलेलाच प्रकाश होता. पट्टी सरकवून आलेला रंग तिथं नव्हता. मावशीच्या प्रश्नाला मान वर करून उत्तर द्यायचं असेल तर एवढं पथ्य पाळावं लागतं.

आणि दिसणार कधी? सप्टेंबर ते मार्च तिथं रात्री पुरेशा काळ्या असतात. उन्हाळ्यात अंधारच पडत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास वादळं जरा जास्त होतात. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडं वळलं की पृथ्वीचं दार उघडतं, हे अरोराच्या ॲपमधल्या ‘बीझेड’ या आकड्यात उणे चिन्हानं दिसतं. हा आकडा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानांकडून येतो. तिथून सौरवारा आपल्यापर्यंत पोचायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणजे सूचना मिळाल्यावर स्वेटर चढवून बाहेर पडण्याइतकाच वेळ. आपलं सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य एल-१ यान देखील जानेवारी २०२४ पासून त्याच परिसरात आहे.

लडाख आणि कुलाबा

१० आणि ११ मे २०२४ दरम्यानच्या रात्री ऑक्टोबर २००३ नंतरचं सर्वांत मोठ्या श्रेणीचं भूचुंबकीय वादळ झालं. लडाखमधल्या हानले इथं, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यात उत्तर क्षितिजावर लाल झाक उमटली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ च्या वादळातही ती मिळाली.

दूर दक्षिणेतून अरोरा बहुतेक वेळा लालच दिसतो, त्यामागं साधी भूमिती आहे. पृथ्वी गोल असल्यामुळं दूरच्या गोष्टींचा खालचा भाग क्षितिजाआड जातो. समुद्रावर दूरच्या गलबताचं शीड दिसतं, खालचं धूड दिसत नाही, तसंच. २,००० किलोमीटर अंतरावर हे झाकलं जाणं साधारण ३०० किलोमीटरचं होतं. म्हणजे १००-१५० किलोमीटरवरचा हिरवा मजला पूर्ण बुडालेला आणि फक्त वरच्या लाल मजल्याचं टोक दिसणारं. त्यात आपला डोळा मंद लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळा. म्हणून भारतातून अरोरा टिपायचा तर कॅमेऱ्याला पर्याय नाही. उत्तरेचं क्षितिज मोकळं हवं, चंद्र नको आणि २०-३० सेकंद प्रकाश गोळा करायचा.

या गोष्टीचा मुंबईशीही जुना संबंध आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी आजवरच्या सर्वांत प्रचंड ज्ञात वादळांपैकी एक आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची नोंद चालू होती. तिथं क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. त्या वादळाचा जोर मोजायला आजचे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या नोंदीकडं वळतात. पुढं विजेच्या ट्राममुळं मोजमाप बिघडेल म्हणून हे काम अलिबागला हलवलं गेलं आणि ते आजही तिथं चालू आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. तेव्हाच्या मुंबईची रात्र किती काळी असेल!

ढगांपाशी पारडं फिरतं

अरोराच्या बाबतीत कॅमेरा पुढं, तर ढगांच्या बाबतीत डोळा पुढं. मे महिन्यातल्या दुपारी वळवाचं आभाळ भरून येतं तेव्हा गच्चीवर उभं राहून पाहा. ढगाचा माथा उन्हात लखलखीत पांढरा, पोट काळंनिळं, खाली झाडं सावलीत. डोळा या सगळ्यावरून फिरतो, प्रत्येक जागी स्वतःला जुळवून घेतो आणि मेंदू सगळं एकत्र जोडतो. कॅमेऱ्याला मात्र संपूर्ण दृश्याला एकच माप लावावं लागतं. त्याला झाडं दिसावीत असं वाटलं तर ढगाचा माथा पांढरा ठप्प होतो. एकदा का माथा असा जळाला की मागाहून काहीही केलं तरी त्यातल्या फुलकोबीसारख्या उकळ्या परत येत नाहीत. सावली मात्र बऱ्यापैकी उजळता येते. म्हणून ढगांचा फोटो नेहमी थोडा काळसर घ्यायचा. फोनवर ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. ढगांच्या फोटोत एवढी एकच गोष्ट केली तरी निम्मं काम होतं.

नावं माहीत असली की नजर धारदार होते. १८०२ मध्ये लंडनमध्ये औषधी रसायनं बनवणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी ढगांना लॅटिन नावं दिली. अर्थ पाहिले तर ती आपल्या घरातलीच वाटतात: क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे थर, सिरस म्हणजे केसांची बट, निंबस म्हणजे पाऊस. वळवाचा ढग तो क्युम्युलोनिंबस, पाऊस घेऊन आलेला ढीग. त्याचा माथा दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो, तिथं त्याला वर चढता येत नाही आणि तो लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. ही ऐरण फोटोत हवी असेल तर ढगाखाली उभं राहून चालणार नाही, पन्नास-शंभर किलोमीटर दूर असावं लागतं. सूर्य मावळून आपल्याकडं संधिप्रकाश पसरतो तेव्हाही त्या माथ्यावर ऊन असतं आणि तो केशरी पेटलेला दिसतो. पुण्याच्या एखाद्या टेकडीवरून पूर्वेकडं, नगर-दौंडच्या बाजूला, मे महिन्यात हे दृश्य कितीतरी संध्याकाळी मिळतं. लोक मात्र पश्चिमेकडं तोंड करून सूर्यास्त टिपत असतात.

ढगांच्या आंतरराष्ट्रीय नकाशासंग्रहातही हौशी माणसांच्या फोटोंनी भर घातली आहे. खवळलेला समुद्र खालून पाहावा तशा दिसणाऱ्या ढगाचे फोटो लोक वर्षानुवर्षं जमवत होते. २०१७ च्या आवृत्तीत त्याला ‘ॲस्पेरिटास’ या नावानं अधिकृत जागा मिळाली.

वीज

विजेच्या फोटोबद्दल एक गोष्ट बहुतेकांना चकवते. वीज सेकंदाच्या छोट्याशा भागात चमकून जाते. त्यामुळं कॅमेऱ्याची झडप (शटर) ५ सेकंद उघडी ठेवा की २०, फोटोतली वीज तितकीच उजळ येते. तिची उजळता ठरते ती छिद्रावरून आणि आयएसओवरून. झडपेच्या वेळेवर फक्त बाकीचं आकाश आणि शहराचे दिवे ठरतात. म्हणून रात्री आयएसओ १००-२००, छिद्र एफ/८, आणि १५ सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहायचं. बोट दाबायच्या वेळेशी विजेचा काही संबंध नसतो, वीज आपसूक सापडते.

पण हे घराच्या आतून. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनानं भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. अंतर १० किलोमीटरच्या आत आलं की गच्ची, टेकडी, मोकळं शेत सोडायचं, ट्रायपॉड तिथंच टाकून. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या. आपल्याकडं दर वर्षी मराठवाडा-विदर्भात शेतात, झाडाखाली माणसं विजेनं जातात. कुठलाही फोटो त्या तोलाचा नाही.

वितीनं मोजायचं आकाश

इंद्रधनुष्य शोधायला आधी सूर्याकडं पाठ करा आणि आपल्या डोक्याची सावली कुठं पडते ते पाहा. इंद्रधनुष्याचा मध्य बरोबर त्या दिशेला असतो आणि कमान तिथून ४२ अंशांवर. हात ताठ लांब करून वीत पसरली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २०-२२ अंश भरतात. म्हणजे सावलीपासून दोन विती. सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर संपूर्ण कमान क्षितिजाखाली जाते. जुलैत पुण्यात सकाळी साधारण सव्वानऊपासून दुपारी चारपर्यंत सूर्य याहून वरच असतो, म्हणून त्या वेळात सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही. सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला बघायचं. संपूर्ण कमान एका फोटोत हवी तर ८४ अंश रुंदी मावली पाहिजे. त्यासाठी मोठ्या संवेदकावर २० मिलिमीटरचं भिंग लागतं किंवा फोनवरचा सर्वांत रुंद कॅमेरा. ध्रुवक गाळणी (पोलरायझर) लावली असेल तर सावध राहा, कारण ती एका बाजूला फिरवली की रंग खुलतात आणि दुसऱ्या बाजूला फिरवली की इंद्रधनुष्य साफ पुसलं जातं.

सह्याद्रीत याची एक दुर्मीळ भावंड भेटते, इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची नोंद कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ साली केली. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य पाठीमागं, खाली कोकणातून वर येणारं धुकं, आणि त्या धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांतून येतं, हे धुक्याच्या अतिसूक्ष्म कणांमधून. कण जितके बारीक तितकं कडं मोठं.

गंमत म्हणजे इथं प्रत्येकाला कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. पाच जण ओळीनं उभे असले तरी फोटोत रंगीत कड्याच्या बरोबर मध्यावर कॅमेऱ्याची सावली असते. विमानातून ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवतीही असंच कडं दिसतं आणि त्याचा मध्य शोधला तर फोटो कुठल्या जागेवरून काढला हे सांगता येतं. त्यासाठी उन्हाच्या उलट बाजूची खिडकी मागायची. माझ्या मते विमानातली ती सर्वांत चांगली जागा.

राहिलं खळं. चंद्राला खळं पडलं, सूर्याला खळं पडलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सूर्यापासून २२ अंशांवर, म्हणजे एका वितीवर, पडणारं ते मोठं गोल कडं बर्फाचं असतं. पुण्यात खाली ४० अंशांचा उन्हाळा असला तरी वर सहा-आठ किलोमीटरवरच्या पातळ ढगात षटकोनी स्फटिक तरंगत असतात. त्यांतून जाताना प्रकाश कमीत कमी २२ अंशांनी वळतो. म्हणून कड्याची आतली कड धारदार आणि लालसर, आणि बाहेरची बाजू विरत गेलेली. कड्याच्या आतलं आकाशही बाहेरच्यापेक्षा काळसर दिसतं. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात ते पूर्ण मावतं. सूर्य मात्र कशामागं तरी लपवावा लागतो, दिव्याचा खांब, नारळाचा शेंडा, काहीही चालेल. आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआरच्या) खिडकीतून सूर्याकडं कधीही पाहू नका, पडद्यावरच पाहा.

हे सगळं मी मावशीला सांगितलं त्याला दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात दुपारी तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं सूर्य लपवलेला आणि टाकीभोवती फिकट गोल. उजेडाचं चिन्ह तिनं व्यवस्थित खाली ओढलेलं होतं, कारण आतली लालसर कड ओळखू येत होती. खाली तिनं लिहिलं होतं, “वीत लावून बघितली, बरोबर भरली. पण फोटोत काही आलं नाही बघ. डोळ्याला यापेक्षा कितीतरी छान दिसत होतं.”